चिकाच्या पातेल्यातला कस्टर्ड पाय

आमच्या घरी कस्टर्ड पाय व्हायचा तो म्हैस व्याली की. म्हैस आमची नसायची. चार कोंबड्या आणि एक शेळी यापलीकडे आमची मजल कधी गेली नाही. म्हैस भाऊंची. तिकोण्याच्या पायथ्याला आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आम्हा बौद्धांची वस्ती, आणि वस्तीला लागून पहिला गोठा भाऊंचा. त्यांना सगळं गाव भाऊच म्हणतं. त्यांची म्हैस व्याली की आमच्याकडे चीक यायचा आणि चीक आला की बाबा पाय करायचे. नावावरून होण्यासारखे सगळे विनोद वस्तीत करून झालेले आहेत, तेव्हा नव्याने कुणी त्रास घेऊ नये.

बाबा देहूरोडला लष्कराच्या डेपोत, ऑफिसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथल्या एका म्हाताऱ्या गोवेकर कुकने त्यांना हा प्रकार शिकवला. मैद्याची खुसखुशीत पारी, तिच्यात दूध, अंडी, साखर आणि जायफळ, आणि ते सगळं भट्टीत मंद आचेवर भाजायचं. कडा घट्ट झाल्या आणि मधोमध दोन बोटं जागा अजून थरथरत असली की बाहेर काढायचं. मेसमध्ये भट्टी होती, आमच्याकडे चूल होती. बाबांनी तोडगा काढला. जाड बुडाच्या मोठ्या टोपात चार बोटं वाळू, वाळूवर जर्मनची खोलगट ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, देशाचा काही संबंध नाही. वाळू पवनेच्या काठची, चाळून, धुऊन, उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. आईने एकदा त्या वाळूत शेंगदाणे भाजले तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आता चिकाचं सांगते, कारण लोणावळ्यात आमच्या हॉटेलवर येणाऱ्या पाहुण्यांना खरवस फक्त प्लॅस्टिकच्या वाटीतला माहीत असतो. व्यालेल्या जनावराचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो वाफवला की अंड्याबिंड्याशिवाय आपला आपण घट्ट होतो, तोच खरवस. आमच्याकडे चीक विकत नाहीत. आपल्यापुरता ठेवून बाकीचा वाटायचा. आणि ज्या भांड्यातून तो आला ते भांडं रिकामं परत करायचं नाही. लोक गुळाचा खडा टाकतात, नाहीतर मूठभर तांदूळ. बाबांना गुळाचा खडा पटायचा नाही. ऑफिसरांना चार पदार्थांचं जेवण वाढणारा माणूस गुळाचा खडा कसा पाठवेल? त्यामुळे चिकाचा खरवस आई त्याच दिवशी करायची, पण रिकामं पातेलं शनिवारपर्यंत आमच्याकडे थांबायचं. बाबा शनिवारी लोकलने कामशेतपर्यंत आणि पुढे एसटीने यायचे आणि चूल पेटवायचे. रविवारी सकाळी पायाचा चांगला मोठा तुकडा त्या पातेल्यात घालून मी भाऊंच्या घरी पोचवायचा.

भाऊंच्या घरी तेव्हा भाऊंच्या आईचं राज्य होतं. म्हातारी गोठ्याच्या दारातच बसलेली असायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा वर्षांची असेन.

"ठिव तितं पायरीवर," ती म्हणाली. "अंडं असतंय न्हवं त्यात? आमी माळकरी, बाय."

मी पायरीवर ठेवलं आणि वळून चार पावलं गेले. मग पुन्हा मागे बघितलं. बघायला नको होतं. म्हातारीने काठीच्या टोकाने पातेलं जवळ ओढलं, तुकडा म्हशीच्या आंबोणात उपडा केला आणि पातेलं गोठ्यातल्या फळीवर ठेवलं. घरात नेलं नाही. ते पातेलं आमच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हशीने पाय आवडीने खाल्ला. म्हशीच्या गळ्यात माळ नव्हती.

घरी आले तर बाबा दारात उभे. "काय म्हणाली म्हातारी?"

"लय मस्त झालंय म्हणाली."

माझं हे पहिलं मोठं खोटं आणि ते इतकं सहज निघालं की पुढे मी हॉटेलच्या रिसेप्शनवर लागले यात नवल नाही. बाबांचा चेहरा असा काही उजळला की मागे फिरायची सोयच राहिली नाही. म्हैस दीड-दोन वर्षांनी व्यायची. दर खेपेला तुकडा आंबोणात जायचा आणि मी अभिप्राय घेऊन यायची. नुसतं कौतुक केलं तर संशय येईल म्हणून मी अधूनमधून खोडही काढायची. एकदा म्हटलं, "साखर जरा कमी चालंल म्हणाली." बाबांनी साखर कमी केली. एकदा म्हटलं, "जायफळ आवडलं, अजून थोडं घाला म्हणाली." जायफळ वाढलं. एकदा सांगितलं की पारी जाड झाली होती, तर बाबांनी पुढच्या वेळी ती इतकी पातळ लाटली की ताटलीतून निघताना फाटली, आणि ते स्वतःवरच चिडले. आज आमच्या घरी होणारा पाय हा गोवेकर कुकचा राहिलेला नाही. तो माझ्या थापांनी घडवलेला आहे, आणि मूळच्यापेक्षा चांगला आहे.

मोठी झाल्यावर मला समजायला हवं होतं. माळकऱ्याच्या घरातून अंड्याच्या पदार्थावर सूचना येत नसतात, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळेल. पण लहानपणी बोललेलं खोटं आपण मोठेपणी तपासून बघत नाही. ते तसंच पुढे चालू राहतं.

म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. त्याच्या आधी आई गेली. बाबांना गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात काही सावरला नाही. लोणावळ्याला माझ्याकडे चला म्हटलं तर म्हणाले, "तितं माणसं चिक्की घेऊन निघून जातात. मी कुटं जाऊ?" वस्तीतली एक मावशी त्यांचं दोन वेळचं करते, आणि मी मंगळवारी जाते. हॉटेलवाल्यांचा रविवार मंगळवारी असतो.

गेल्या भातकापणीच्या दिवसांतला असाच एक मंगळवार. मी दुधिवरे खिंडीतून स्कूटर काढली, उन्हं वर यायच्या आत घरी पोचले, तर ओट्यावर भाऊ. हातात तेच पातेलं. म्हातारीमागे म्हैस पहिल्यांदाच व्याली होती. भाऊ बाबांच्याच वयाचे, शाळेत एका वर्गात होते. ओट्यावर पातेलं ठेवून म्हणाले, "मेसवाले, चीक आणलाय. तिसऱ्या दिवसाचा हाय, पातळ लागंल." गावात बाबांना मेसवालेच म्हणतात. मग हाताची चौकशी केली, भाताचं बोलले आणि गेले. आत आले नाहीत. ते कधीच आत आलेले नव्हते.

बाबा म्हणाले, "पाय कर."

मला तो करता येतो, पण बाबा खुर्चीत बसून बघत असले की येत नाही. मी मैदा चाळला, त्यात थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळलं, वर बर्फाचं पाणी शिंपडलं. "तळहात लावू नको," बाबा म्हणाले. मी तळहात लावला नव्हता. "लावशील म्हणून सांगतो." पारी लाटून ताटलीत बसवली, वर कागद आणि कागदावर वाटाणे ठेवून ती आधी नुसतीच भाजून घेतली. हे सगळं होईपर्यंत अकरा वाजले. मग मी खुराड्यातून आणून ठेवलेल्या अंड्यांकडे हात नेला.

"अंडं नको," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"आज अंडं घालू नको. त्यांच्याच चिकाचा कर. चीक आपला आपण धरतो."

"का पण?"

"का म्हणजे? माळकरी हायत ती."

हातातलं अंडं मी खाली ठेवलं. फुटलं नाही, एवढंच. मी बाबांकडे बघितलं तर ते टोपातल्या वाळूकडे बघत होते.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"ती खात नाही ते."

"तू पहिल्यांदी सांगितलंस तवाच. म्हातारी कशाला मस्त म्हणंल? ती सख्ख्या भावाला मस्त म्हणाली न्हाई."

मी तीस-पस्तीस वर्षं ज्या ओझ्याखाली वाकून चालत होते ते कुणी ठेवलेलंच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला.

"मग साखर कशाला कमी केलीत? जायफळ कशाला वाढवलंत?"

"तुला तसं वाटत आसंल म्हणून सांगत होतीस न्हवं? तुझी जीभ चांगली हाय. मेसमधल्या कर्नलापरास चांगली."

मी चीक पातेल्यातून दुसऱ्या भांड्यात काढला. बाबा आपणहून बोलायला लागले, जसं कुणी भाजीचं बोलावं तसं.

"म्हातारी दर खेपेला अंड्याचं नाव सांगत आसणार. व्हय की न्हाई? मी म्हटलं, आसंल. धर्म हाय येकेकाचा. पण मधीच वाटायचं, अंडं न्हाई घातलं तर? मग घाबरायचो. म्हटलं, बिनअंड्याचा बी न्हाई खाल्ला तर कळूनच जाईल. त्यापरीस अंडं बरं. आता म्हातारी गेली, माझा हात गेला. म्हटलं, येकदा कळू दे. अंड्यामुळं का आपल्यामुळं."

मी म्हटलं, "कळून काय करायचंय?"

"कायच करायचं न्हाई. कळायचं राहिलंय, येवढंच."

बाबांनी कारगिलच्या वेळी दिवसरात्र डेपोतल्या माणसांना जेवण पुरवलं. पोरीला शिकवलं. वस्तीतल्या विहाराला फरशी बसवून दिली. त्या माणसाने हा एक प्रश्न अंड्याच्या आड लपवून ठेवला होता, आणि उत्तर मिळू नये म्हणून दर खेपेला चार चार अंडी फोडली होती. मला आत कुठेतरी फार दुखलं. आणि मग मी ती चूक केली जी फक्त या पायावर वाढलेली बाई करू शकते. कस्टर्डसाठी दूध आधी कोमट करून घ्यायचं, ही सवय माझ्या हातात इतकी मुरलेली आहे की मी चिकाचं भांडं उचललं आणि सरळ गॅसवर ठेवलं.

चीक थेट आचेवर ठेवला की फाटतो. हे मला माहीत होतं. आमच्या भागात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

"अगं ए!" बाबा ओरडले. डावा हात टेकून उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. मी भांडं उतरवलं तोवर त्याचे गोळे झाले होते आणि पिवळट पाणी वेगळं झालं होतं. नशिबाने मी सगळा चीक ओतला नव्हता. पातेल्याच्या तळाशी दोन-अडीच फुलपात्री शिल्लक होता.

"कर्नलाच्या मेसमदी असं झालं आसतं तर," बाबांनी सुरुवात केली, आणि पातेल्यातल्या उरलेल्या चिकाकडे बोट केलं.

उरलेल्या चिकात साखर विरघळवली, त्यात जायफळ किसलं आणि मिश्रण थंडच पारीत ओतलं. पारीच्या अर्ध्यापर्यंतच आलं. टोप चुलीवर ठेवला, झाकणावर निखारे घातले. बाबांनी घड्याळ बघितलं नाही, ते वासावर होते. एकदा म्हणाले, "वरचे दोन निखारे काढ." पुन्हा म्हणाले, "आता काढ." झाकण उघडलं तर कडा सोनेरी, वर जायफळाचे ठिपके आणि मधोमध दोन बोटं जागा थरथरतेय. अंड्याच्या पायापेक्षा रंगाने फिका, उंचीने निम्मा. दिसायला काही फार देखणा नव्हता.

बाबांनी भाऊंना फोन लावायला सांगितला. "पातेलं न्यायला तुमीच या," एवढंच बोलले.

भाऊ चार वाजता आले आणि नेहमीसारखे ओट्यावर टेकले. बाबा काठी टेकत दारापर्यंत गेले.

"आत या."

"हितं बरं हाय. वारं लागतंय."

"पाय केलाय. अंडं न्हाई त्यात. तुमच्याच म्हशीचा चीक, साखर, जायफळ, लोणी आन् मैदा. दुसरं काय बी न्हाई."

भाऊंनी मान हलवली. "बरं केलं. द्या पातेल्यात घालून. घरी नेतो, समदी खातील."

बाबांचा चेहरा मी बाजूने बघत होते. त्यात काही हललं नाही. मी मात्र बाबांसारखी नाही. माझ्या हातात पातेलं होतं, घासलेलं, पुसलेलं, कोरडं.

"पातेलं अजून घासायचंय," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं.

"घासायचंय," मी पुन्हा म्हटलं. "आज मिळणार नाही. आत येऊन खा, भाऊ."

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि आमच्या घरात पुन्हा चीक येणार नाही. बाबा माझ्याकडे असे बघत होते की जणू मी अख्खा टोप चुलीत पालथा घातलाय. भाऊंनी चपला काढल्या. एक काढली, जरा थांबले, मग दुसरी काढली. उंबरा ओलांडून आत आले आणि कुठे बसायचं ते न कळून भिंतीला टेकून खालीच बसले. मी स्टीलच्या ताटलीत तुकडा दिला. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, हाताने पारीची कड मोडली आणि तोंडात घातली. मग दुसरा घास घेतला. पूर्ण तुकडा खाल्ला. मी न विचारता आणखी एक वाढला, तोही खाल्ला.

बाबा खुर्चीत बसले होते. म्हणाले, "अंड्यामुळं खात नव्हता न्हवं तुमी?"

प्रश्न असा विचारला होता की त्याचं उत्तर आयतं ताटलीत वाढून दिलेलं होतं. नुसतं व्हय म्हणायचं. आम्ही तिघांनीही त्या व्हयवर सुखाने उरलेलं आयुष्य काढलं असतं.

भाऊंनी रिकामी ताटली खाली ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. "म्हातारी तसं सांगायची. मी कामशेतच्या बाजारात अंडाकरी खायचो की तवा बी. अंड्याचं न्हवतं ते, मेसवाले."

मी इतकी वर्षं मनातून अंड्याच्या बाजूची होते, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी ओढणीने पुसलं. राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर ते कळेना, कारण समोर बसलेला माणूस म्हातारीच्या घरातला पहिला खरं बोलणारा होता.

बाबा म्हणाले, "बरं." काठी खुर्चीला टेकवून म्हणाले, "मला वाटायचंच." आणि मग, "जायफळ जास्ती झालंय का?"

"न्हाई. बराबर हाय. साखर जरा आणखी चालली आसती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

भाऊ उठले. ताटली हातात घेऊन मागच्या दाराशी गेले आणि मोरीतला नळ सोडला. आम्ही दोघेही बघत राहिलो. भाऊंच्या घरच्या लग्नकार्यात आमच्या वस्तीची पंगत सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या कडेला बसायची, आणि उठताना ज्याने त्याने आपलं ताट घासून पालथं घालून यायचं असायचं. बाबांनी पाच वर्षांचे असताना तिथे पहिलं ताट घासलं होतं. भाऊ तेव्हा त्याच अंगणात खेळत असणार.

"ठेवा ती ताटली, भाऊ," बाबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की. इसळून ठेवतो, किती येळ लागतोय."

"ठेवा," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या घरात जेवल्याल्या माणसाला ताट धुवायला लावत न्हाईत."

भाऊ पाठमोरे तसेच उभे राहिले. मग त्यांनी नळ बंद केला आणि ताटली दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.